पावकीला न सापडलेली रेघ

दोन मीटर व्यासाचा एक पोकळ गोळा आहे. ज्या द्रवात तो तरंगणार आहे, त्या द्रवाच्या पावपट त्याची घनता आहे. म्हणजे गोळ्याएवढं द्रव घेतलं, तर त्याचं वजन अशा चार गोळ्यांएवढं भरेल. हा गोळा तळ्यात सोडला, तर त्याचा किती भाग बुडेल? आणि द्रवाच्या पातळीची रेघ गोळ्याच्या तळापासून किती उंचीवर येईल?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाएवढं द्रव बाजूला सारते. गोळा पावपट जड आहे, म्हणून त्याचा पाव भाग बुडेल. दुसऱ्या प्रश्नाने मात्र २०७३ सालच्या मे महिन्यात कोल्हापूरजवळच्या शिरोलीत एका कारखान्याचं काम सकाळपासून अडवून ठेवलं होतं.

कारखाना शर्वरी मगदूम यांचा. वयाच्या अठराव्या वर्षी त्या लेथवर धातू कातणाऱ्या टर्नर म्हणून कामाला लागल्या, पुढे नोकरी करत शिकल्या. आता त्या अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या आणि गेली अकरा वर्षं हा एकच गोळा घडवत होत्या. तो शनीच्या टायटन नावाच्या चंद्रावर जाणार होता. तिथे उणे एकशे ऐंशी अंशांच्या थंडीत द्रवरूप मिथेनची तळी आहेत. त्या तळ्यांवर लाटा उठतात का, उठल्या तर किती उंच, हे गोळा मोजणार होता. त्यासाठी त्याच्याभोवती केसाएवढ्या तारेचं एक वलय बसवायचं होतं आणि ते बरोबर पातळीच्या रेघेवरच हवं होतं. रेघ चुकली, तर तार कायम बुडालेली राहील किंवा कायम कोरडी, आणि गोळा टायटनवर काहीच न मोजता नुसता तरंगत बसेल.

वलयाच्या खाचा तेवढ्या कोरायच्या राहिल्या होत्या. गोळा संध्याकाळी पाचला पेटीत बंद होऊन निघणार होता.

"पाच म्हणजे पाच," पेटीजवळ स्टुलावर बसलेले दस्तगीरचाचा म्हणाले. माल बांधून रवाना करण्याचं काम त्यांच्याकडे होतं. "मी थांबेन हो बाई, गाडीवालाही थांबेल. वर तो गुरू ग्रह थांबायचा नाही."

ते खरंच होतं. यान वाटेत गुरूच्या ओढीचा फायदा घेऊन वेग वाढवणार होतं. गुरू आणि शनी पुन्हा अशा सोयीच्या जागी यायला वीस वर्षं लागणार होती.

शर्वरी मगदूम यांची भाची राही सुट्टीसाठी आली होती. ती बारा वर्षांची होती आणि त्यांना आत्ती म्हणायची. साडेअकराला ती डबा घेऊन कारखान्यात आली, तेव्हा आत्ती पाटीवर लिहिलेलं एक समीकरण तिसऱ्यांदा पुसून पुन्हा लिहीत होत्या.

"सापडलं का गं?" आत्तींनी वर बघत विचारलं.

"नाही," वरून आवाज आला. "चार कोटी बारा लाख छेद तपासून झाले. तपासणी चालू आहे."

हा आवाज पावकीचा. पावकी म्हणजे छताच्या रुळावरून फिरणारी, तीन हातांची यंत्रमानव. तिला चेहरा नव्हता, एक दिवा होता. हिशेब सुरू असला की तो पिवळा, जमला की हिरवा. आज तो सकाळपासून पिवळा होता. तिचं हे नाव कामगारांनी ठेवलं होतं. पूर्वी शाळेत पाव, निम, पाऊण यांचेही पाढे असायचे, त्यांतला पावाचा पाढा म्हणजे पावकी. ही यंत्रमानव फक्त अपूर्णांकांत बोलायची. 'तीन पूर्णांक सात मिलिमीटर' असं तिने कधी म्हटलं नाही. ती 'सदतीस छेद दहा' म्हणायची.

"पावकीला पावपट गोळा जमेना," दस्तगीरचाचा राहीच्या कानात पुटपुटले.

"मला ऐकू येतं," पावकी म्हणाली.

राहीने डबा टेबलावर ठेवला. "पाव भाग बुडणार ना? मग दोन मीटरचा पाव, अर्धा मीटर. झालं की."

"तो गोळा आहे, डबा नाही," आत्ती म्हणाल्या. "खाली निमुळता होत जातो. तळापासून अर्ध्या मीटरपर्यंतचा तुकडा कापला, तर एवढीशी टोपी निघते. गोळ्याचे बत्तीस सारखे भाग केलेस, तर त्या टोपीत पाचच मावतात. आपल्याला आठ हवेत."

"मग हौदात सोडून बघा. जिथपर्यंत ओला होईल तिथे रेघ मारा."

"पाण्यात? मिथेन पाण्याच्या साधारण निम्मंच जड असतं. पाण्यात हा आणखी वर राहील. आणि ओल्या कडेला पट्टी लावून फार तर मिलिमीटर कळेल. मला मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) हवाय."

राही पाटीकडे बघत राहिली. आत्तींनी तिला समीकरण कसं आलं ते सांगितलं. गोळ्याची त्रिज्या एक मीटर. बुडालेल्या टोपीची उंची क्ष मीटर मानली, तर ती टोपी पूर्ण गोळ्याच्या किती पट असते याचं एक सूत्र आहे. क्ष गुणिले क्ष गुणिले (३ − क्ष), आणि त्याला चाराने भागायचं.

"पटत नसेल तर करून बघ," आत्ती म्हणाल्या.

राहीने करून पाहिलं. क्ष एक मीटर घेतला, तर १ × १ × २, भागिले चार, म्हणजे अर्धा. बरोबर, एक मीटरवर अर्धा गोळा बुडतो. क्ष दोन मीटर घेतला, तर २ × २ × १, भागिले चार, म्हणजे एक. पूर्ण गोळा द्रवाखाली. सूत्रावर तिचा विश्वास बसला.

आता पाव भाग बुडायला हवा, म्हणून हा भागाकार पाव यायला हवा. म्हणजेच क्ष × क्ष × (३ − क्ष) याचं उत्तर बरोबर एक आलं पाहिजे. कंस सोडवून सगळं एका बाजूला नेलं, की पाटीवरचं समीकरण मिळत होतं:

क्ष³ − ३क्ष² + १ = ०

हे घन समीकरण (ज्यात न माहीत असलेली संख्या स्वतःशी जास्तीत जास्त तीनदा गुणलेली असते). ते खरं ठरवणाऱ्या संख्येला त्याचं मूळ म्हणतात. पावकीला ते मूळ सापडत नव्हतं.

"गेल्या वर्षीच्या चाचणीच्या नमुन्याला दोन मिनिटांत सापडलं होतं," आत्ती म्हणाल्या. "तो निमपट होता. उत्तर एक मीटर, सरळ. या वेळी यंत्रं हलकी मिळाली, म्हणून पावपट केला. माझंच समीकरण कुठेतरी चुकलंय. नाहीतर पावकी अशी अडकणार नाही."

राहीने मनगटावरच्या पडद्याला विचारलं. त्याने लगेच उत्तर दाखवलं. "हे बघ की! शून्य पूर्णांक सहा पाच दोन सात शून्य तीन सहा."

"हा अपूर्णांक मी समीकरणात घातला," पावकी म्हणाली. "उत्तर शून्य येत नाही. शून्याच्या जवळ येतं. हे मूळ नाही."

"इतकं जवळ आलं तरी चालत नाही?"

"या कारखान्यात आकडा कापायचा नाही."

हा नियम आत्तींनीच घातला होता. चार वर्षांपूर्वी वलयाच्या चाचणीत तारेसाठी तीन हजार सहाशे बारीक खाचा पाडायच्या होत्या. प्रत्येक खाचेची जागा आधीच्या खाचेवरून ठरायची. त्या वेळच्या यंत्राने एक आकडा थोडासा कापला. प्रत्येक वेळी केसाच्या शंभराव्या भागाएवढी चूक. पण ती तीन हजार सहाशे वेळा साठत गेली आणि शेवटची खाच पहिलीला येऊन मिळेना. मध्ये अडीच मिलिमीटरची फट राहिली. दीड वर्षाचं काम भंगारात गेलं. त्यानंतर आत्तींनी पावकी बनवून घेतली. पावकी प्रत्येक संख्या अंश आणि छेद अशा दोन पूर्णांकांत साठवायची आणि काहीही कापायची नाही. नियम बदलायचा, तर सगळं यंत्र पुन्हा तपासावं लागलं असतं. त्याला दोन दिवस लागले असते.

पावणेबारा वाजले.

राही गोळ्याभोवती एक चक्कर मारून आली. "आत्ती, हा तळ्यात पडला की कुठेतरी थांबणारच ना?"

"थांबणार की."

"मग ती रेघ आहे. अर्ध्या मीटरवर कमी बुडतो, एक मीटरवर जास्त. हळूहळू खाली दाबत नेला, तर मध्ये कुठेतरी बरोबर पाव भाग बुडेलच. पाव भागावरून उडी मारून तो पुढे कसा जाईल?"

आत्तींनी हातातला खडू खाली ठेवला. राही म्हणत होती त्याला सातत्य म्हणतात (एखादी राशी मधली कोणतीही किंमत न गाळता बदलत जाणं). बुडालेला भाग बत्तीसातल्या पाचांवरून सोळांवर जाताना आठांवरून जाणारच. म्हणजे मूळ आहे, समीकरणही चुकलेलं नाही.

"मग पावकीला का दिसत नाही?" राहीने विचारलं.

"कदाचित ते अपूर्णांकच नसेल," आत्ती हळूच म्हणाल्या. "आणि आम्ही दोघी सकाळपासून त्याला अपूर्णांकांतच शोधतोय. अपूर्णांक नाही म्हणजे उत्तर नाही, असंच धरून बसलो."

"सिद्ध करा," पावकी म्हणाली. "तोपर्यंत मी शोधते."

आत्ती पाटीपाशी गेल्या. समजा, मूळ परिमेय संख्या आहे (दोन पूर्णांकांचा भागाकार म्हणून लिहिता येणारी संख्या). तिला अ छेद ब म्हणू. संक्षेप पूर्ण केलेला आहे, म्हणजे अ आणि ब दोन्ही सम नाहीत. नाहीतर दोघांना दोनाने आणखी भागता आलं असतं. समीकरणात क्षच्या जागी अ छेद ब घालून सगळ्याला ब³ने गुणलं, की छेद निघून जातात:

अ³ − ३अ²ब + ब³ = ०

"आता नुसतं सम-विषम बघ," आत्ती राहीला म्हणाल्या. "अ विषम, ब सम. काय होईल?"

राहीने बोट ठेवत वाचलं. "पहिलं विषम. मधलं सम, कारण त्यात ब आहे. शेवटचं सम. विषममधून सम वजा, त्यात सम मिळवलं... विषम."

"अ सम, ब विषम?"

"सम, सम, विषम. बेरीज-वजाबाकी करून विषम."

"दोन्ही विषम?"

"विषम वजा विषम अधिक विषम." राहीने बोटांवर एक वजा तीन अधिक एक करून पाहिलं. "विषमच! आत्ती, काहीही केलं तरी विषमच येतं."

"आणि डाव्या बाजूला यायला काय हवं?"

"शून्य. शून्य तर सम आहे."

छताच्या रुळावरची घरघर थांबली. पावकीचे तिन्ही हात स्थिर झाले.

"म्हणजे कोणताही अपूर्णांक चालणार नाही," ती म्हणाली. "मी चार कोटी तीस लाख छेद तपासले. त्याऐवजी तीन ओळी तपासायला हव्या होत्या."

"वाईट वाटून घेऊ नकोस," दस्तगीरचाचा म्हणाले. "आम्ही तुझ्याकडे बघत बसलो. आम्ही तर तेवढंही केलं नाही."

पण खाचा अजून कोरलेल्या नव्हत्या. मूळ आहे हे ठरलं, ते अपूर्णांक नाही हेही ठरलं. मात्र पावकीच्या स्मरणात अशी संख्या ठेवायला जागाच नव्हती.

आत्तींनी भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला एक दांडा काढला. त्याच्या दोन टोकांना दोन गोल खुंट्या होत्या, एक किंचित बारीक, दुसरी किंचित जाड. त्याला गेज म्हणतात.

"हे भोक मोजायचं गेज," त्या म्हणाल्या. "लेथवर बसले तेव्हा उस्तादांनी पहिल्या दिवशी हेच हातात दिलं होतं. भोक नेमकं किती आहे, हे हे सांगत नाही. बारीक टोक आत गेलं पाहिजे, जाड टोक जाता कामा नये. म्हणजे भोक या दोघांच्या मध्ये आहे. पावकी, तुझी ती दोन टोकं अपूर्णांकच असतील."

"अर्धा हे बारीक टोक, एक हे जाड टोक," पावकी म्हणाली. "पण त्यांच्यातलं अंतर अर्धा मीटर आहे."

"मग मधोमध बघ."

ही रीत सोपी होती. अर्धा आणि एक यांच्या मधोमध तीन छेद चार. तो क्ष × क्ष × (३ − क्ष) यात घातला, तर उत्तर एक्क्याऐंशी छेद चौसष्ट येतं. ते एकाहून मोठं आहे, म्हणजे तीन छेद चारवर गोळा जास्त बुडतो. आता तेच जाड टोक झालं. पुढचा मध्य पाच छेद आठ. त्याचं उत्तर चारशे पंच्याहत्तर छेद पाचशे बारा. एकाहून कमी, म्हणून ते बारीक टोक. प्रत्येक पावलाला अंतर निम्मं होत होतं आणि प्रत्येक टोक पूर्णांकांनी बनलेलं, न कापलेलं होतं. याला द्विभाजन म्हणतात (दोन टोकांमधला भाग पुन्हा पुन्हा निम्मा करत जाण्याची रीत).

राही मोजत होती. विसाव्या पावलाला दोन टोकांमध्ये अर्ध्या मायक्रॉनहून कमी अंतर उरलं. पावकीचं पातं एका मायक्रॉनपेक्षा बारीक कापूच शकत नव्हतं.

"झालं," राही म्हणाली. "आता मधला कोणताही घे."

"नाही," पावकी म्हणाली. दिवा पिवळाच होता. "खाचांच्या पुढच्या हिशेबांत हीच संख्या तीन हजार सहाशे वेळा येते. मधला कोणताही घेतला, तर मी आकडा कापला असं होईल."

सव्वा वाजला होता. डबा तसाच होता.

"कोणताही घेऊ नकोस," आत्ती सावकाश म्हणाल्या. "समीकरणच ठेव. त्या संख्येचं नाव म्हणून."

"समीकरणाला तीन मुळं आहेत," पावकी म्हणाली. "मी आत्ता इतर ठिकाणी द्विभाजन करून पाहिलं. एक ऋण आहे. एक जवळजवळ तेवीस छेद आठ मीटर आहे, गोळ्याच्या व्यासापेक्षाही जास्त. नुसत्या समीकरणाने कोणतं मूळ ते कळत नाही."

"मग कुंपण घाल की!" राही ओरडली. "समीकरण आणि ती दोन टोकं, दोन्ही ठेव. त्या दोन टोकांत एकच मूळ आहे ना? मग दुसऱ्या कुणाचं नाव असेल ते?"

"समीकरणाचे सहगुणक (क्षच्या घातांना गुणणाऱ्या संख्या) पूर्णांक आहेत," पावकी म्हणाली. "टोकं अपूर्णांक आहेत. हे सगळं मला साठवता येतं. काहीच कापलं जात नाही. पण हिशेब कसा करू?"

"घन आला की बदलून टाक," आत्ती म्हणाल्या. त्यांचा खडू आता भराभर चालत होता. "समीकरणच सांगतंय, क्ष³ म्हणजे ३क्ष² − १. हिशेबात जिथे क्ष³ येईल, तिथे हे घाल. मग क्ष, क्ष² आणि साधे अपूर्णांक, एवढंच उरतं. अगदी शेवटी, पातं टेकवायच्या क्षणी कुंपण बघ. तोवर नाही."

"आणि त्या क्षणी मी कापेन."

"धातू कापशील, आकडा नाही. कापलेला आकडा आपण किती चुकलोय ते लपवतो. कुंपण ते स्वतःच सांगतं."

दिवा हिरवा झाला.

दोन वाजता पातं गोळ्याला टेकलं. राही आणि आत्ती उभ्याउभ्याच गार पोळीभाजी खात होत्या. दस्तगीरचाचा पेटीचे बोल्ट ओळीने मांडत होते. तीन हजार सहाशेवी खाच चार वाजून दहा मिनिटांनी पडली. पावकीने गेज फिरवलं. बारीक टोक गेलं, जाड गेलं नाही. मग तार फिरली आणि तिची दोन टोकं एकमेकांना भेटली. मध्ये फट नव्हती. आत्तींनी भिंगातून दोनदा पाहिलं आणि भिंग राहीकडे दिलं.

पेटी पाचला सात मिनिटं कमी असताना बंद झाली. गाडी फाटकातून वळून महामार्गाला लागली.

"अशा संख्या किती आहेत?" पावकीने विचारलं. "ज्या अपूर्णांक नाहीत, पण ज्यांना समीकरणाने नाव देता येतं."

"अनंत," आत्ती म्हणाल्या. "आणि त्यांच्याही पलीकडे अशा आहेत, ज्यांना पूर्णांकांचं कोणतंच समीकरण लागू पडत नाही. वर्तुळातला पाय (π) त्यांतलाच एक."

"त्यांना नाव कसं द्यायचं?" राहीने विचारलं.

"काहींना देता येतं. पण ती रीत वेगळी, अवघड आहे. तुला वेळ आहे शिकायला. गोळा पोचायला सात वर्षं लागतील."

"म्हणजे मी एकोणीस वर्षांची असेन." राही थोडा वेळ रस्त्याकडे बघत होती. "आत्ती, तिथे पडल्यावर तो लगेच रेघेवर थांबेल?"

"छे. आधी रेघेच्या खाली जाईल. मग उसळून वर येईल, रेघेच्या वर. पुन्हा खाली, पण पहिल्यापेक्षा कमी. पुन्हा वर, आणखी कमी."

राहीने हवेत हात धरला आणि तो खाली-वर, खाली-वर, प्रत्येक वेळी थोडं कमी हलवत नेला. हात अगदी स्थिर झाला, तेव्हा ती हसली.

"तोही तसंच शोधणार," ती म्हणाली.